चंद्राच्या गाडीची खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी चंद्रावरच्या गाडीला तूप-हळद लावली.

हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "काऊन बे?" त्याचं उत्तर द्यायचं तर मला गोठ्यापासून सुरुवात करावी लागते. अंतराळ क्षेत्रातली माझी कारकीर्द एकूण अडीच महिने टिकली. ती गोठ्यात सुरू झाली आणि जवळपास गोठ्यातच संपली.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या परीक्षेनंतर इंटर्नशिप करावी लागते. आमच्या वर्गातले बरेच जण ओळखीच्या वर्कशॉपमधून शिक्का मारलेला कागद आणतात आणि ते महिने निवांत झोपून काढतात. माझाही तोच बेत होता. पण त्या वर्षी कॉलेजात एक नोटीस लागली. बाहेर बरीच वर्षं यंत्रमानवांचं काम करून परत आलेल्या एका सरांनी वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला, आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर, छोटीशी प्रयोगशाळा काढली होती आणि त्यांना दोन इंटर्न हवे होते. चंद्राच्या जमिनीवर फिरणाऱ्या गाडीचा, म्हणजे रोव्हरचा, नमुना त्यांनी बनवला होता. सहा चाकं, उंची शेळीएवढी, आणि वजन मुद्दाम कमी ठेवलेलं, कारण चंद्रावर सगळंच हलकं होतं. तो चालवून बघायला खोलीभर दगडाची भुकटी पसरावी लागणार होती आणि सरांच्या घराचा स्लॅब तेवढा भार घेणार नव्हता. म्हणून नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, कुणाकडे मोठी बंद जागा असल्यास कळवावे.

आंजीला माझ्या मोठ्याबाबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा, गोठा रिकामा पडला होता. ट्रॅक्टर आल्यावर त्यांनी बैलजोडी विकून टाकली होती. मी गोठा देऊ केला. पुढे आई नातेवाइकांना सांगायची की आमच्या पोराला हुशारीवर घेतलं. मला गोठ्याच्या छपरावरच्या सव्वीस टिनांवर घेतलं होतं. सरांनी ते कधी लपवलंही नाही. ते मला पहिल्या दिवसापासून "शेडमालक" म्हणत. "शेडमालक, उतार किती अंशांचा केलाय? का तुमच्याकडे तो कासऱ्यानं मोजतात?" असं.

दुसरी इंटर्न हिंगणीची होती. तिला मात्र खरोखरच हुशारीवर घेतलं होतं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. ती रोज हिंगणीहून सेलूमार्गे वर्ध्याला येई, बसमध्ये मांडीवर लॅपटॉप उघडून. संगणकात तिनं एक चंद्र तयार केला होता. त्यावर भुकटी होती, चढ होते, आणि आमचीच सहाचाकी गाडी होती. तिचं काम असं की अमुक चढावर गाडीची चाकं किती घसरतील हे आधी त्या संगणकातल्या चंद्रावर काढायचं. माझं काम असं की आंजीच्या गोठ्यात खरी भुकटी दाताळ्यानं सपाट करायची, तेवढाच चढ करायचा, खरी गाडी चालवायची आणि टेपनं मोजायचं. चाक दहा फेरे फिरलं आणि गाडी आठ फेऱ्यांइतकीच पुढं सरकली, तर दोन फेरे वाया गेले. त्या वाया जाण्याला आम्ही घसर म्हणायचो. तिचा आकडा आणि माझा आकडा जुळला की संगणकातला चंद्र विश्वासाचा. खरा चंद्र बघून यायची सोय कुणाकडेच नसल्यामुळे सगळा भरवसा त्या जुळण्यावर.

आणि तिचे आकडे जुळायचे. वैताग येईपर्यंत जुळायचे. ती सकाळी फोनवर सांगे, "दोन फेरे जातील." मी दुपारभर भुकटीत खोकत मोजायचो आणि दोनच जायचे. कधी माझे अडीच आले तर ती विचारायची, "टेपचा शून्य कुठून धरला?" मी बघायचो तर टेपचं टोक विटेखाली गेलेलं असायचं. दर वेळी. ती हसायची नाही, ओरडायची नाही, फक्त म्हणायची, "पुन्हा मोज." या दोन शब्दांनी माणूस किती लहान होतो, हे मला त्या गोठ्यात कळलं.

इंटर्नशिपच्या शेवटी बंगळुरूच्या एका मोठ्या प्रयोगशाळेची माणसं चाचणी बघायला येणार होती. आम्हा दोघांपैकी एकाला ते सहा महिन्यांसाठी स्वतःच्या सिम्युलेशन विभागात नेणार होते. जागा एकच, आणि ती तिची आहे हे सर धरून चालले होते, ती धरून चालली होती, आणि मीही. तिच्या घरी ठरलेलं होतं: ही जागा मिळाली तर बंगळुरू, नाही मिळाली तर वर्ध्यात बी.एड. वडिलांनी फॉर्म आणूनही ठेवला होता. एकदा बोलता बोलता ती म्हणाली, "आमच्या घरात चार मास्तर हायेत. पाचवा झाला तर जेवतानाबी हजेरी घेतील." ती एवढी मोठी गंमत तिनं अडीच महिन्यांत एकदाच केली, म्हणून लक्षात राहिली.

आता ते तूप.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून दुखावलेले बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, पळसाच्या पानानं तूप-हळद चोळायची, आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. जोडी विकल्यावरही मोठीआईचा, म्हणजे मोठ्याबाबांच्या बायकोचा, हात थांबला नव्हता. आदल्या वर्षी तिनं वाटीभर तूप-हळद कालवली होती आणि गोठ्यातल्या रिकाम्या खुंट्याला लावून आली होती. यंदा खुंटाही नव्हता, भुकटीसाठी आम्ही तो उपटला होता. ती वाटी घेऊन गोठ्याच्या दारात उभी राहिली आणि आत कुठं लावावी ते तिला कळेना.

मी म्हटलं, "मोठीआई, यंदा बैल आहे ना." आणि रोव्हरकडे बोट केलं.

ती म्हणाली, "मशीनले चालते का रे हे?"

आठ सेमिस्टर यंत्रशास्त्र शिकलेला माणूस त्या क्षणी गोठ्यात हजर होता. त्यानं उत्तर दिलं, "चालते."

रोव्हरच्या पुढच्या दोन चाकांच्या मधोमध वर एक आडवी दांडी होती. जू ठेवायचं झालं तर तिथंच बसलं असतं. मी पळसाचं पान घेऊन अख्खी वाटी त्या दांडीला चोळली. बैल केवढा, ही शेळी केवढी, हा विचार केला नाही. मोठेबाबा शेतातून आले, टोपी नीट केली, आणि जोडी गेल्यापासून पहिल्यांदाच त्या गोठ्यात हसले. रोव्हरच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी त्याला उद्याच्या पुरणपोळीचं रीतसर आवतन दिलं. मी फोटो काढला. अगदी झकास आला. मोठेबाबा, हातात पळसाचं पान, आणि पिवळ्या धमक खांद्यांची चंद्रगाडी. तो मी स्टेटसला ठेवला, पण सरांपासून आणि हिंगणीवालीपासून लपवून. तेवढी अक्कल होती. मग दुपट्ट्यानं दांडी वरवर पुसली आणि पोळ्याला घरी निघून गेलो.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा झाला, लहान मुलांनी लाकडी बैल ओढून गल्ली डोक्यावर घेतली. तोवर इकडे आंजीत पाऊस उघडला होता आणि टिनाखाली भट्टी पेटली होती. दांडीच्या खाचाखोचांत राहिलेलं तूप पातळ झालं, पायांवरून ओघळलं आणि पुढच्या चाकांत उतरलं. चाकांना जमीन धरायला उभ्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांच्या मधे तूप, तुपात भुकटी, भुकटीवर आणखी भुकटी. पट्ट्या बुजल्या. चाक लाडवासारखं गुळगुळीत झालं. हे सगळं मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला चाकं नेहमीसारखीच काळी दिसली आणि मी गाडी चढावर सोडली.

दहातले चार फेरे वाया गेले.

मी पुन्हा मोजलं. टेपचं टोक विटेखाली नव्हतं. चारच. हिंगणीवालीला कळवलं. तिनं विचारलं, गाडीत काही बदललं का, एखादा नट, पट्टी, बॅटरी, काहीही. मी म्हटलं, "काईच नाई." यात खोटेपणा नव्हता, हे मला नोंदवून ठेवू द्या. अजून माझ्या डोक्यात तूप आणि घसर या दोन गोष्टींची गाठ पडलेली नव्हती.

गाठ तिसऱ्या दिवशी पडली. सकाळी गोठ्याचं दार उघडलं तर मोठ्याबाबांची मांजर चंद्राच्या पृष्ठभागावर बसून रोव्हरचं पुढचं चाक चाटत होती. डोळे मिटून, सावकाश, पट्टी न् पट्टी. मी चाकाला बोट लावून वास घेतला. घरच्या तुपाचा वास होता.

त्या वेळी मी काय करायला हवं होतं, ते कुणालाही सांगता येईल. चाकं पुसायची, फोन लावायचा, शिव्या खायच्या. पण त्याच सकाळी अकरा वाजता सिंदी मेघेला मीटिंग होती, आणि तिथं पोचलो तेव्हा सरांनी तिला समोर उभं केलं होतं.

सर आवाज चढवायचे नाहीत. ते शुद्ध, स्वच्छ मराठीत माणूस सोलायचे. त्यांनी तिला विचारलं, पोळ्याच्या सुट्टीत चंद्रावर पाऊस झाला का? दोनाचे चार कसे झाले? तिनं सांगितलं की तिनं सगळं तपासलं, तिचा आकडा अजून दोनच येतो. सर म्हणाले, "म्हणजे गाडी खोटी, भुकटी खोटी, शेडमालक खोटे, आणि तुम्ही एकट्या खऱ्या?" ती म्हणाली, तसं नाही. सर म्हणाले, "बी.एड.चे फॉर्म सुटलेत. शेवटची तारीख बघून ठेवा."

ती खाली बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. आणि मला, कबूल करतो, बरं वाटलं. दोन महिने "पुन्हा मोज" ऐकणाऱ्या माणसाला जे वाटेल ते. फार नाही, दोन घोट चहा पिण्याइतकंच बरं वाटलं. पण तेवढ्या वेळात बोलायची वेळ निघून गेली. सरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "शेडमालक, तुमच्या बाजूनं काही?"

मी म्हणालो, "हवेत दमटपणा खूप आहे सर. भुकटी ओलावा धरत असेल."

हे इतकं हुशार खोटं होतं की मलाच आश्चर्य वाटलं. अभ्यासात मी कधी एवढं चांगलं उत्तर दिलेलं नव्हतं. सरांनी मान हलवली. तिनं वहीत लिहून घेतलं.

पुढचे पंधरा दिवस ती त्या दमटपणाच्या मागे लागली. चाकं मी पुसली नाहीत, कारण पुसली असती तर घसर एकदम दोनावर आली असती आणि सगळ्यांनी विचारलं असतं, काय केलंस. म्हणजे एक तूप झाकायला मी ते तूप जपत बसलो. मांजरीला हाकलणं हे माझं नवं काम झालं. एकदा हिंगणीवाली स्वतः आंजीला आली आणि सपाट केलेल्या भुकटीवरचे पंजे बघून थांबली.

"मांजर काऊन येते इथं? दगडाची भुकटी खाते का?"

मी म्हटलं, "उंदरं हायेत गोठ्यात."

तिनं मान हलवली. तिला माझ्यावर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. मी मूर्ख आहे हे तिला ठाऊक होतं. मी त्याहून वेगळा काही असेन हे तिच्या डोक्यात आलं नसावं. ती गुडघ्यांवर बसली, भुकटी चिमटीत धरून चोळून पाहिली, पिशवीत भरून नेली, घरी तव्यावर भाजून कोरडी किती, ओली किती ते बघितलं. भुकटीत ओलावा जवळजवळ नव्हताच. तरी गाडी घसरत होती. शेवटी तिनं संगणकातल्या भुकटीची पकड थोडी थोडी कमी करत नेली आणि एके दिवशी तिचा चंद्रही चार म्हणाला.

तिनं फोन करून सांगितलं. आवाजात आनंद नव्हता, फक्त दमणूक होती. ती म्हणाली, "मले अजूनबी पटत नाई. पन आकडा जुळला." आणि मग म्हणाली की अहवालात तिनं माझं नाव टाकलंय, दमटपणाची सूचना माझी म्हणून. मी थँक्यू म्हणालो. फोन ठेवल्यावर मी गोठ्यात जाऊन मांजरीला एक वीट फेकून मारली. लागली नाही. तेही मला नीट जमलं नाही.

बंगळुरूची माणसं आली त्या दिवशी मोठ्याबाबांनी गोठ्याच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. दोघं जण आले होते. एक पन्नाशीच्या बाई, त्या मुख्य, आणि त्यांचा एक सहायक. बाई कुणाशीच गोड बोलल्या नाहीत आणि कुणालाच टाकून बोलल्या नाहीत. सहायकानं आल्या आल्या हातमोजे घातले, बॅगेतून स्पिरिटची बाटली आणि पांढरं फडकं काढलं आणि सगळी चाकं एकेक करून पुसली. कुठल्याही चाचणीआधी चाकं पुसायची, ही त्यांची रीत. आमच्याकडे ही रीत का नव्हती, हे त्यांनी विचारलं नाही. पांढरं फडकं काळं झालं आणि काळ्याच्या कडेला पिवळं. त्यानं ते सरांना दाखवलं. सर म्हणाले, मोटरचं ग्रीस असेल. मी तोरणाकडे बघत होतो.

गाडी चढावर सोडली. दहातले दोन फेरे वाया गेले.

पुन्हा सोडली. दोन.

बाईंनी हिंगणीवालीचा अहवाल उघडला. त्यात चार होते. त्यांनी विचारलं, यापूर्वी तुझं सिम्युलेशन किती सांगायचं? ती म्हणाली, दोन. मग बदललं कशासाठी? ती म्हणाली, तीन आठवडे मोजमाप चार येत होतं. बाईंनी विचारलं, भुकटीत ओलावा सापडला? ती म्हणाली, नाही. तरी पकड कमी केलीस? ती हो म्हणाली. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुझ्याकडे बरोबर उत्तर होतं. कुणीतरी चुकीचा आकडा पुढं केला आणि तू ते सोडून दिलंस. आमच्याकडे रोज कुणी ना कुणी चुकीचा आकडा पुढं करतं."

तिनं सरांकडे पाहिलं. ज्या सरांनी पंधरा दिवस तिच्या मानगुटीवर बसून आकडा जुळवायला लावला होता, ते म्हणाले, "मी यांना आधीच सावध केलं होतं." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, काही मागितलं नाही. दोन शब्द पुरले असते. चाकाला तूप. एवढेच.

मी म्हटलं, "सर, चहा आणू का?"

जाताना बाईंनी माझी मोजमापाची वही मागून घेतली. पानं उलटत त्यांनी सहायकाला काहीतरी सांगितलं आणि मला म्हणाल्या, की वही चांगली ठेवली आहे, न आवडणारा आकडाही प्रामाणिकपणे लिहिला आहे. शुक्रवारी अहवाल बंद करू आणि मग कळवू, एवढं सांगून त्या गेल्या. सर त्यांच्याच गाडीतून निघाले. हिंगणीवाली बसची वेळ होईपर्यंत गोठ्याबाहेर खाटेवर बसली. दिवस सोमवारचा होता.

तिचं मन जरा रमावं म्हणून मोठेबाबा तिच्याजवळ बसले. त्यांना एवढंच कळलं होतं की पोरगी हिरमुसली आहे. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि कौतुकानं म्हणाले, "हे पाह्य पोरी, आमी तुमच्या गाडीले पोळ्यालेबी सोडलं नाई." तो माझाच फोटो होता. मीच त्यांना पाठवला होता.

तिनं फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, दांडी बघितली, चाक बघितलं, तारीख बघितली. मोबाइल मोठ्याबाबांना परत देताना ती "छान आला" म्हणाली. मग चहाचे कप घेऊन आलेल्या माझ्याकडे आली.

"कवापासून माहीत व्हतं तुले?"

"तिसऱ्या दिवशीपासून."

"मी मांजरीचं विचारलं तवा?"

"हो."

तिनं कप घेतला नाही. ती म्हणाली, "शुक्रवारच्या आत सांगजो त्याहिले. मी सांगितलं तर बहाना वाटन. तूच सांगजो." आणि बस पकडायला निघून गेली.

मी सांगणार होतो. मंगळवारी मी मेल लिहायला बसलो आणि "तूप" हा शब्द इंग्रजीत कसा लिहिला तर कमी मूर्खपणाचा वाटेल, यावर दुपार घालवली. बुधवारी सरांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. सर म्हणाले, "माझ्या प्रयोगशाळेत चंद्रावरच्या गाडीला तूप लावतात, हे मी त्यांना लिहून कळवू? तुम्ही काही बोललेला नाहीत, मी काही ऐकलेलं नाही." गुरुवारी मी आईला म्हटलं की माझं पोट दुखतंय. आणि दिवसभर अंथरुणात पडून राहिलो. शुक्रवारी संध्याकाळी बंगळुरूहून मेल आला. निवड माझी झाली होती. नीट मोजणारा माणूस त्यांना हवा होता.

आईनं गल्लीत पेढे वाटले. एक पेढा माझ्या हातावरही ठेवला. मी तो खाल्ला, हेही लिहून ठेवतो. मग खोलीचं दार लावून मी तो मेल लिहिला, जो मंगळवारी लिहायचा होता. तूप, हळद, पळसाचं पान, मांजर, दमटपणा, सगळं. फोटोही जोडला. पाठवल्यावर मला एकदम मोकळं वाटलं, थोडा अभिमानही वाटला. जागा आता तिला मिळणार आणि ती मी मिळवून दिली, असं मी पार मनाशी रंगवून बसलो.

सोमवारी उत्तर आलं. बाईंनी स्वतः लिहिलं होतं. माझी निवड रद्द. तिच्याबाबत लिहिलं होतं की ही माहिती अहवाल बंद व्हायच्या आधी मिळाली असती तर चाचणी पुन्हा घेता आली असती आणि तिचं जुनं सिम्युलेशन ग्राह्य धरता आलं असतं. आता ती जागा दुसऱ्या कॉलेजच्या उमेदवाराला दिली आहे. यंदा या ठिकाणाहून कुणी नाही. खाली सही. आणि सहीखाली एक ओळ: फोटो छान आहे.

मी तो मेल छापून घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि हिंगणीला गेलो. काय म्हणून गेलो, ते आज मलाही नीट सांगता येत नाही. मीही जागा सोडली, हे तिनं बघावं असं वाटत असणार. कागद असा जपून नेला होता, जसं काही बक्षीसच मिळालंय.

ती अंगणात स्टुलावर बसून बी.एड.चा फॉर्म भरत होती. जातीच्या दाखल्याची, मार्कशीटची झेरॉक्स शेजारी, वर दगड ठेवलेला. तिच्या वडिलांनी मला पाणी दिलं, कोणत्या गावचा, कोणाचा, हे विचारलं, आणि पोरीचा कॉलेजमधला दोस्त म्हणून कौतुकानं आत बसायला सांगितलं. तिनं त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. मी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

मी कागद पुढं केला. तिनं तो पूर्ण वाचला, सहीखालच्या ओळीसकट. मग नीट घडी घालून मला परत दिला आणि पुन्हा पेन उचललं.

मी म्हटलं की मी खरं लिहिलं, सगळं लिहिलं, माझीही जागा गेली. मांजरीचंसुद्धा लिहिलं.

"वाचलं," ती म्हणाली. फॉर्मवरून मान वर न करता तिनं आईच्या नावाचा रकाना भरला, स्वच्छ अक्षरात. "तीन आठवडे त्या गोठ्यात चाक साफ कराले पाह्यजे, हे एकट्या मांजरीले समजलं. सरानं इंटर्न तिलेच ठेवाले पाह्यजे व्हतं."